उतारापलीकडचा भाऊ

रिरिद राजाला मातीआड करून महिना होत आला, तरी त्याच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. त्याचा म्हातारा शिकारी कुत्रा मात्र रोज तिच्यावर चढून बसायचा, आणि त्याला खाली उतरवायला कुणाचा हात धजत नसे.

"सध्या राज्य त्याचंच आहे," एनियन म्हणायचा. "आणि खरं सांगू का, वाईट चाललेलं नाही."

एनियन रिरिदचा धाकटा भाऊ. कुत्रा खुर्चीवर आहे की शेकोटीपाशी, हे त्याला नुसत्या घोरण्यावरून कळायचं, दिसत नव्हतं. तो जन्मतः आंधळा नव्हता. तरुणपणी याच खुर्चीवरून दोघा भावांचं फाटलं, तेव्हा रिरिदच्या माणसांनी त्याला धरून त्याचे डोळे काढले होते. केलिनच्या खोऱ्यात आंधळ्याला राजा करत नाहीत. त्यामुळे सख्ख्या भावाला मारल्याचं पाप लागत नाही आणि काम होतं. नंतर रिरिदनं त्याला आपल्याच घरी आणलं, जन्मभर आपल्याशेजारी जेवायला बसवलं, थंडीत स्वतःची लोकर त्याच्या पायांवर टाकली. एनियनही राहिला. त्या एका गोष्टीबद्दल मात्र दोघे कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची थोरली बहीण हुनिद दोघांच्या मध्ये बसून दोघांना वाढत राहिली.

आज महिन्याचं जेवण होतं. पाद्रीबाबांची प्रार्थना सकाळीच आटोपली होती, आणि हुनिद स्वयंपाकघरात मेंढीच्या मटणाच्या रश्शात लीकच्या, कांद्याच्या जातीतल्या त्या जाड पातीच्या, कांड्या सोडत होती. बाजूला तिची भावजय, राणी मेरेरिद, ओटच्या भाकऱ्या थापत होती. राणी झाली तरी भाकऱ्या तिच्याच हातच्या लागायच्या. दुसऱ्या कुणी केल्या तर रिरिद नुसता त्यांच्याकडे बघत बसायचा.

"वन्सं, लीक फार झाली," मेरेरिद म्हणाली.

"एलिदिरला आवडते."

"आणि इथेलला आवडत नाही."

"तो बाजूला काढून ठेवतो. लहानपणापासून ठेवतो. बाजूला काढलेली एलिदिर खातो. त्यात तुझं माझं काय गेलं?"

मेरेरिद हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. सकाळपासून तिचं काहीतरी बिनसलंय हे हुनिदच्या लक्षात आलं होतं. नवरा जाऊन जेमतेम महिना झालाय, बिनसणारच, असं म्हणून तिनं विषय काढला नाही.

दोन मुलगे होते रिरिदचे. एलिदिर थोरला. त्याची आई डोंगरातल्या एका धनगराची लेक, रिरिदशी लग्न न लागलेली. बाळंतपणातच ती गेली, आणि ते पोर हुनिदनं उचललं; जरा मोठं झाल्यावर ते डोंगरात मामाकडे राहायला गेलं. इथेल मेरेरिदचा, देवळात लग्न लागलेल्या राणीचा. बापानं मुलगा म्हणून मान्य केला की आईचं लग्न झालं होतं की नाही, हे इथला कायदा विचारत नाही. दोघांचा हक्क सारखा. पण अलीकडे पाद्रीमंडळी विचारायला लागली होती, आणि सरदारांनाही आपापल्या सोयीनं तो प्रश्न आठवायला लागला होता.

दुपारी दोघे एकाच वेळी दारात आले. एलिदिर डोंगराकडून आला होता, आडव्या अंगाचा, दाढीत गवताची काडी अडकलेली. इथेल खालच्या खोऱ्यातून, सरदार गोरोन्वीच्या घरून. सडसडीत, आईसारखा गोरा. राजाचा मुलगा राजवाड्यात वाढवायचा नाही, सरदाराच्या घरी द्यायचा, ही तिकडची रीत. इथेल गोरोन्वीच्या बायकोच्या दुधावर वाढला होता, आणि गोरोन्वीचा मुलगा रून त्याचा दूधभाऊ होता.

"दादा, दाढीत काय घेऊन आलास?" इथेलनं विचारलं.

"आहेर. महिन्याच्या जेवणाला रिकाम्या हातानं येत नाहीत."

इथेलनं काडी काढून त्याच्याच कानामागे खोचली. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि बराच वेळ कुणी सोडेना. हुनिद पदराला हात पुसत बघत उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली, "जेवून मिठ्या मारा. रस्सा निवतोय."

जेवताना विषय निघालाच. तो काढला एलिदिरनं, आणि असा, की जणू मीठ मागतोय.

"मी काय म्हणतो इथेल, समुद्राकडचा भाग आणि हा वाडा तू घे. डोंगर मी घेतो. मला इथे झोप लागत नाही, समुद्र रात्रभर बडबडतो."

"आणि खुर्ची?"

"खुर्चीवर कुत्रा आहे."

एनियन मोठ्यानं हसला. इथेलही हसला, आणि ताटातली लीक त्यानं न सांगता भावाच्या ताटात सरकवली. "दादा, मला अर्धं राज्य कशाला? तू राजा हो. मी तुझ्या हाताखाली राहीन, गाणी करीन. गोरोन्वीबाबांना काय सांगायचं तेवढं बघ."

"त्यांना तूच सांग. मला बघितलं की त्यांची भूक मरते."

गोरोन्वी पलीकडच्या बाकावरच बसला होता. जाडजूड, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. त्यानं इथेलला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं, गोवरात त्याच्या उशाशी बसून राहिला होता. तो शांतपणे म्हणाला, "दोघा भावांनी वाटून घेतलं तर मला काय म्हणायचंय? चांगलं आहे." आणि त्यानं मधाची दारू संपवून पेला उपडा ठेवला.

हुनिदला बरं वाटलं. एनियनला नाही. जेवण उरकल्यावर तिनं त्याचा हात धरून त्याला शेकोटीपाशी नेलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, गोरोन्वी इतक्या लवकर हो म्हणत नाही. तो घोडा विकत घ्यायला गेला तरी आधी त्याची शेपटी वाईट म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिदिरची माणसं अंगणात खोगिरं बांधत होती, तेव्हा मेरेरिद हुनिदला शोधत गोठ्यात आली. तिच्या हातात रिकामी दुधाची चरवी होती, आणि गायी तर पिळून झालेल्या होत्या.

"वन्सं, एलिदिरला म्हणावं, उतारावरून नदी ओलांडू नको. वरच्या पायवाटेनं जा."

"का?"

"पाणी वाढलंय."

"पाणी घोट्याएवढं आहे. कालच तर मेंढ्या पलीकडे गेल्या." हुनिदनं चरवी तिच्या हातातून काढून खाली ठेवली. "मेरेरिद, माझ्याकडे बघ."

मेरेरिदनं बघितलं, आणि मग तिला थांबवता आलं नाही. गोरोन्वीनं उतारापाशी माणसं ठेवली होती. एलिदिरला मारायचं नव्हतं. धरायचं होतं.

"मला परवाच कळलं," ती म्हणाली. "गोरोन्वी म्हणाला, आज एलिदिर गोड बोलतोय, उद्या त्याचे मामे बोलू देणार नाहीत, आणि मग तुमच्या पोराचे डोळे जातील. दोघांपैकी एकाचे जाणारच आहेत, कुणाचे ते तुम्ही ठरवा, म्हणाला. मी काहीच बोलले नाही, वन्सं. नाही म्हणाले नाही. काल तो लीक खात होता आणि मी त्याच्याकडे बघत होते."

"एलिदिर कधी असं करेल का?"

"रिरिद करेल असं वाटलं होतं तुम्हाला?"

हुनिदनं भावजयीचे डोळे आपल्या पदरानं पुसले. हिनं सांगितलं नसतं तर हिला पुढे जगता आलं नसतं, हे तिला दिसत होतं. तिला राग आला नाही. भीती मात्र दाटून आली.

एकट्या एलिदिरला सांगितलं तर इथेलला हे ठाऊक होतं की काय, हा किडा त्याच्या डोक्यात कायमचा शिरणार. एकट्या इथेलला सांगितलं तर तो गोरोन्वीकडे धावणार, आणि ही गोष्ट भावाच्या पाठीमागे मिटवली असं होणार. म्हणून तिनं दोघांनाही एनियनच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि एकाच दमात सगळं सांगून टाकलं.

एलिदिर आधी बोलला. "माझे डोळे असेही फार कामाचे नाहीत. लांबची मेंढी मला कुत्र्यासारखी दिसते."

कुणी हसलं नाही. इथेल भिंतीला टेकून उभा होता.

"दादा, मला माहीत नव्हतं."

"ते सांगायला लागतं का? मूर्खा, तुला माहीत असतं तर तू काल जेवताना रडला असतास. तुझ्या पोटात काही राहतं का?"

"वरच्या वाटेनं जा, बाळा," हुनिद एलिदिरला म्हणाली. "काट्याकुट्यातून जावं लागेल, पण जा."

"आणि मामाला काय सांगू? मैलिरमामा विचारणार, चोरासारखं का जायचं. त्याला कळल्याशिवाय राहणार नाही, आणि कळलं की संध्याकाळपर्यंत डोंगरातला एकेक माणूस भाला घेऊन खाली उतरेल."

इथेल भिंतीपासून बाजूला झाला.

"उतारावरूनच जायचं," तो म्हणाला. "मी तुझ्याबरोबर येतो. तुझ्या घोड्याला माझा घोडा लावून. तिथे गोरोन्वीबाबांची माणसं असतील ना, ती सगळी मला ओळखतात. माझ्यासमोर तुला कोणी हात लावणार नाही. पलीकडे पोचलो की तुझ्या मामाच्या घरी मी चार दिवस पाहुणा राहतो. सगळ्या खोऱ्याला कळू दे, आमचं ठरलंय ते ठरलंय."

"आणि गोरोन्वी?" एनियननं विचारलं.

"रागावतील. मी पाचव्या दिवशी जाऊन त्यांच्या पाया पडेन. रागावले की त्यांना भूक लागते, त्यांच्याबरोबर जेवीन."

एनियननं हात पुढे करून पुतण्याचा चेहरा चाचपला. "तू तुझ्या बापापेक्षा बरा निघालास," तो म्हणाला. "हे मी त्याच्यासमोर बोललो नसतो."

एलिदिरनं मामाला विश्वासात घेतलं. ते टाळता येण्यासारखं नव्हतं. मैलिर त्याच्या पाठोपाठच चालणार होता. वाळल्या चामड्यासारख्या चेहऱ्याच्या त्या म्हाताऱ्या धनगरानं सगळं ऐकून घेतलं आणि हात उचलणार नाही असं वचन दिलं. हुनिदही आपल्या तट्टावर बसून निघाली. दोघांनी नको म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमचं लंगोट बदललेल्या बाईसमोर तुम्ही नीट वागता. गोरोन्वीची माणसंही वागतील. त्यातल्या निम्म्यांची नाकं मी पुसलीयेत."

वाटेत दोघे भाऊ लहानपणी करायचे तसं एकमेकांचे लगाम धरून चालले होते. इथेल कसलंसं नवीन गाणं म्हणून दाखवत होता आणि एलिदिर त्यातले शब्द मुद्दाम चुकवत होता. हुनिदला वाटलं, रिरिद आणि एनियन असे एकदा तरी चालले असते तर.

उतारापाशी नदी रुंद आणि उथळ होते. अलीकडच्या काठाला झाडांची दाटी आहे. घोड्यांचे खूर पाण्यात पडले तसा झाडीतून एक तरुण बाहेर आला. तो रून होता. त्याच्यामागे आणखी माणसं हलताना दिसली. एलिदिरशेजारी इथेलला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"इथेल, तू इथे काय करतोयस?"

"मेजवानीला चाललोय. तू?"

रून पाण्यात दोन पावलं आला. "तू बाजूला हो ना. बाबांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय ते मला माहीत आहे. त्यांना सांग, मी ऐकलं नाही."

"मी नाही सांगणार. तूच सांग. मला ते उभं जाळतील."

"मी त्यांना सांगेन, रूननं फार प्रयत्न केला. माझ्या घोड्याच्या शेपटीला लटकला, असं सांगेन."

रूनचा चेहरा सैल झाला. त्याला स्वतःलाच हे काम नको होतं हे हुनिदला दहा हातांवरून दिसलं. त्यानं मागे वळून आपल्या माणसांना मागे सरा अशी खूण केली. माणसं मागे सरली.

तेवढ्यात इथेलचा घोडा शेवाळलेल्या दगडावरून घसरला. तो पाण्यात नेहमीच बिचकायचा. रूनला ते ठाऊक होतं, दोघांनी तो घोडा एकत्रच शिकवला होता. रून पटकन पुढे झाला आणि घोड्याला सावरायला त्यानं लगाम पकडला.

मैलिरनं मागून एवढंच पाहिलं, की गोरोन्वीच्या पोराचा हात लगामावर पडला; दोघांपैकी कुणाच्या, हे मागून दिसत नव्हतं. भाला त्याच्या हातातून कधी सुटला हे कदाचित त्यालाही कळलं नसेल.

रून खाली बसला. पडला नाही, दमलेला माणूस बसतो तसा पाण्यात बसला. इथेल उडी टाकून त्याच्यापाशी गेला, त्याला मांडीवर घेतलं. काठावर आरडाओरडा झाला, माणसं पुन्हा झाडीतून धावून आली, इकडची भाले पेलून उभी राहिली. इथेल मान वर न करता म्हणाला, "कोणी पुढे यायचं नाही." आवाज मोठा नव्हता, पण दोन्हीकडची माणसं जागच्या जागी थांबली.

"पाणी थंड आहे रे," रून म्हणाला.

"हो. काढतो तुला बाहेर."

एलिदिरनं अंगावरची लोकरीची घोंगडी काढून रूनच्या अंगावर घातली. ती घालेपर्यंत रून गेला होता. तरी एलिदिरनं ती चारी बाजूंनी नीट खोचली.

मैलिर तिथेच उभा होता, रिकामा हात छातीशी धरून. "मला वाटलं तो..."

"इथेल," एलिदिर म्हणाला, "जिवाची भरपाई कायद्यात आहे. मी माझी सगळी गुरं देतो. मामाला तुमच्या स्वाधीन..."

"तो तुझा मामा आहे. त्यानं तुला वाढवलं. तुझ्यानं देववणार नाही, आणि तू दिलास तर मला तू आवडणार नाहीस." इथेलचे दात थंडीनं वाजत होते. "आणि गोरोन्वीबाबा गुरं घेणार नाहीत. त्यांना हा एकच होता. दादा, तू पलीकडे जा."

"आणि तू?"

"मी याला घरी नेतो. याची आई जेवायची थांबली असेल."

"मग आपण भेटायचं कधी?"

इथेलनं घोंगडीची कडा रूनच्या मानेपर्यंत ओढली. "भेटू तेव्हा माझ्याबरोबर त्यांची माणसं असतील. त्यांना आता दुसरा मुलगा नाही, दादा. मी आहे."

एलिदिरनं मान हलवली. त्याला समजलं होतं. दोघांनाही सगळं समजत होतं, हेच हुनिदला सोसवेना. एकानं जरी वेडेपणा केला असता, एकानं जरी शिवी दिली असती, तरी तिला कुणावर तरी ओरडता आलं असतं. एलिदिर मामाला घेऊन पलीकडच्या काठाला लागला. चढावर त्यानं मागे वळून पाहिलं. मग नाही पाहिलं.

हुनिद इथेलबरोबर गोरोन्वीच्या घरी गेली. दारातच त्याची बायको ग्वेर्विल उभी होती. तिनं घोंगडी पाहिली, आपल्या घरची नाही हे तिला कळलं, आणि ती उंबऱ्यावरच बसली. हुनिद तिच्याजवळ बसून राहिली.

गोरोन्वी आतून आला. त्यानं मुलाच्या तोंडावरचे ओले केस बाजूला केले. मग तो इथेलला म्हणाला, "मी तुझ्यासाठी केलं रे हे सगळं."

"माहीत आहे, बाबा."

"आता तरी राजा होशील?"

"होईन. तुम्ही म्हणाल तिथे उभा राहीन, तुमच्या माणसांच्या पुढे राहून लढेन." इथेलनं गोरोन्वीचा हात धरला आणि रूनच्या छातीवर ठेवला. "पण यावर हात ठेवून मला वचन द्या. एलिदिर हाती लागला, लढाईत मेला, काहीही झालं, तरी त्याच्या डोळ्यांना कोणी हात लावायचा नाही. तुम्ही नाही, तुमच्या माणसांनी नाही."

"आणि तो तुझे काढेल तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

ग्वेर्विल उंबऱ्यावरून म्हणाली, "द्या वचन. तो राजा आहे ना आता? मग ऐका त्याचं." ते त्याच्या राज्याचं पहिलं फर्मान. गोरोन्वीनं शब्द दिला. मग इथेल गुडघ्यांवर बसला, त्याच हातावर आपला हात ठेवून त्यानंही तोच शब्द उच्चारला, आणि मग मात्र तो लहान पोरासारखा रडला.

खोऱ्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. रूनला पुरलं त्याच दिवशी गोरोन्वीच्या मेहुण्यांनी डोंगराच्या पायथ्याशी दोन गोठे पेटवले. त्याला उत्तर म्हणून वरच्यांनी गिरणी जाळली. पाद्रीबाबा घंटा घेऊन इकडून तिकडे फिरत होते आणि दोन्हीकडे त्यांना चांगलं जेवण मिळत होतं, त्यापलीकडे काही नाही.

हुनिदनं तट्टावर खोगीर चढवलं. मेरेरिदनं तिच्यासाठी भाकऱ्या आणि चीज बांधून आणलं.

"वन्सं, मी सांगितलं नसतं तर रून वाचला असता."

"तू सांगितलं नसतंस तर एलिदिर आज अंधारात बसला असता, आणि इथेलनं जन्मात तुझ्याकडे बघितलं नसतं." हुनिदनं गाठोडं अडकवलं. "तू पोराला वाचवायला गप्प बसलीस आणि पोराला वाचवायलाच बोललीस. मीही तेच केलं असतं. फक्त दोन दिवस गप्प बसायला मला जमलं नसतं."

मेरेरिद ओल्या डोळ्यांनी हसली. "ते मात्र खरं." मग तिनं विचारलं, "परत येणार ना?"

"दोन्ही घरं माझीच आहेत. मी येणार आणि जाणार. बघू कोण अडवतं."

ती तट्टावर चढणार तोच दारातून काठी वाजली. एनियन घोंगडी पांघरून उभा होता.

"ताई, मलाही ने."

"तुला कुठे नेऊ? चढ आहे, थंडी आहे. वाटेत पडलास तर मी उचलू की तट्टू धरू?"

"तू एलिदिरकडे वचन घ्यायला चाललीयेस. इथेलनं दिलं तसं. नुसत्या शब्दावर घेणार का? रिरिदनं पण शब्द दिला होता, आपल्या आईला. त्या वेळी त्याला माहीत नव्हतं की नंतर कसं दिसतं." त्यानं काठीनं तट्टू शोधलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एलिदिरनं बोलताना माझ्याकडे बघायला हवं."

मग एनियन तट्टावर आणि हुनिद लगाम धरून पायी, असे दोघे निघाले. उतारावर दोन्ही काठांना पहारे बसले होते. अलीकडच्यांनी वाट दिली. पलीकडच्यांनी आधी भाले आडवे धरले, मग तट्टावर कोण आहे ते पाहिलं आणि एकेकानं मान खाली घातली.

एलिदिर मामाच्या घराबाहेर भाल्याला नवीन दांडा बसवत होता. त्यानं दोघांना येताना पाहिलं आणि धावत येऊन काकाला अलगद खाली उतरवलं. आत नेलं, शेकोटीजवळ बसवलं. हुनिदनं इथेलचं वचन जसंच्या तसं सांगितलं. एलिदिर मान खाली घालून ऐकत होता.

"त्यानं माझ्याआधी दिलं," तो म्हणाला.

"तुझ्याआधी."

"मीही देतो. काय म्हणायचं ते सांग."

"खाली बघून नाही," एनियन म्हणाला. "ये इकडे."

त्यानं पुतण्याचा हात हातात घेतला, आणि स्वतःच्या मिटलेल्या, खोल गेलेल्या पापण्यांवर त्याची बोटं ठेवली. आधी एका, मग दुसऱ्या. लहानपणापासून याच काकाच्या खांद्यावर बसून एलिदिर वाढला होता, पण तिथे त्यानं कधी हात लावला नव्हता. घरातल्या कुणीच लावला नव्हता. रिरिदनंही नाही. एलिदिरचा हात मागे यायला लागला, तसा एनियननं तो घट्ट धरला.

"आता बोल."

एलिदिर बोलला. त्याला ते दोनदा म्हणावं लागलं. दारात उभ्या असलेल्या मैलिरनं न सांगता टोपी काढली आणि तेच शब्द आपल्या तोंडानं पुन्हा म्हटले. त्याच्यामागच्या माणसांनीही म्हटले, एकामागून एक, अंगणापर्यंत.

"झालं," एनियन म्हणाला आणि त्यानं हात सोडला.

"म्हणजे आता लढायला आमची वाट मोकळी," एलिदिर म्हणाला. त्याला ते विनोदानं म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही.

"नाही रे, मोकळी नाही. पण तुम्ही ऐकणार थोडेच." एनियननं शेकोटीकडे पाय पसरले. "ताई, त्या भाकऱ्या काढ. वहिनीच्या हातच्या आहेत. यानंतर इकडे कधी येतील कोण जाणे."

हुनिदनं गाठोडं सोडलं. अंगणात भाल्यांचे दांडे ठोकले जात होते. तिनं पहिली भाकरी मोडून अर्धी एलिदिरला दिली आणि अर्धी, मागितली नसताना, दारातल्या मैलिरपुढे धरली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.